मणका मोडलेल्या माणसाचं काय करायचं?

माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. तेव्हा आज कोणी वैद्यकीय सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये. मला इतिहास सांगायचा आहे, तोही एकाच दुखापतीचा. पाठीचा किंवा मानेचा मणका मोडतो, आतला मज्जारज्जू चिरडला जातो, आणि त्या जागेच्या खालचं शरीर माणसाचं असूनही त्याचं राहत नाही. हलत नाही, कळत नाही, लघवी झालेली समजत नाही. अशा माणसाचं काय करायचं, या प्रश्नाला जवळजवळ साडेतीन हजार वर्षं एकच उत्तर दिलं गेलं, आणि ते विसाव्या शतकाच्या मध्यावर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत बदललं. ते कसं बदललं हे मला सांगायचं आहे. या प्रश्नाच्या मुळाशी ‘असाध्य’ या शब्दाचा अर्थ काय हा प्रश्न आहे, म्हणून माझ्यासारखा माणूस त्यात शिरला.

सुरुवात इजिप्तपासून. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने लक्सॉरला एक पपायरस विकत घेतला. तो वाचून त्याचा अनुवाद प्रसिद्ध व्हायला १९३० साल उजाडलं. ते काम जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी केलं. आपल्या हातातली प्रत इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपासची आहे, मूळ मजकूर त्याहूनही जुना असावा. त्यात जखमांची ४८ प्रकरणं आहेत, डोक्यापासून खाली उतरत जाणारी. जादूटोणा फारच थोडा, निरीक्षण भरपूर. प्रत्येक प्रकरणात आधी तपासणी, मग निदान आणि मग वैद्याने द्यायचा निर्णय. हे निर्णय तीनच प्रकारचे: याच्यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, आणि याच्यावर उपचार करायचा नाही. एकतिसावं प्रकरण मानेचा मणका सरकलेल्या माणसाचं आहे. त्याला हातापायांची जाणीव नाही, नकळत लघवी ठिबकते आहे. वर्णन इतकं नेमकं आहे की आजचा न्यूरॉलॉजिस्ट मान डोलावेल. निर्णय अर्थात तिसरा.

यावर ‘किती निर्दय’ असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्या वैद्याने खोटी आशा दाखवली नाही, पैसे उकळले नाहीत, आणि मुख्य म्हणजे उपचार करायचा नाही असं ठरवूनसुद्धा त्याने तपासणी केली आणि लिहून ठेवली. 

आपल्याकडे याच धर्तीचं वर्गीकरण आहे, पण त्यात एक घर जास्त आहे. साध्य, कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टाने साध्य, आणि असाध्य हे सगळ्यांना माहीत असतात. मधला शब्द आपण विसरतो, तो म्हणजे याप्य. जो रोग बरा होत नाही, पण उपचार चालू आहे तोवर माणूस तग धरतो, उपचार थांबला की कोसळतो, तो याप्य. सुश्रुताने यासाठी पडायला आलेल्या घराला दिलेल्या टेकूची उपमा वापरली आहे. टेकूने घर नवं होत नाही, पण आत माणसं राहू शकतात. हा शब्द आज लक्षात ठेवा, तो मला पुन्हा लागणार आहे. असाध्य रोग्याबद्दल मात्र चरक व्यवहारी आहे: असा रोगी हाती घेतलात तर धन, विद्या आणि कीर्ती तिन्ही गमवाल, असा त्याचा इशारा. वैद्याची पत हा जुन्या वैद्यकातला मोठा मुद्दा होता, आणि नव्या वैद्यकात तो नाही असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

आता एकदम ट्रफाल्गर. २१ ऑक्टोबर १८०५. ॲडमिरल नेल्सनला खांद्यातून गोळी लागली आणि ती पाठीच्या कण्यात शिरली. जहाजाच्या तळाशी नेल्यावर त्याने स्वतःच सर्जनला सांगितलं की छातीखाली ना हालचाल उरली आहे ना संवेदना. सर्जन बीटी याने तपासलं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की करण्यासारखं काही नाही. म्हणजे इजिप्तच्या वैद्यापासून इंग्लंडच्या सर्जनपर्यंत शरीरशास्त्र पार बदललं, रक्ताभिसरण समजलं, पण या एका प्रकरणातला निर्णय जिथल्या तिथे राहिला. तीनेक तासांत नेल्सन गेला.

पहिल्या महायुद्धात हीच दुखापत हजारोंच्या संख्येने समोर आली. अमेरिकन मेंदुशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी नोंदवलं आहे की असे दहापैकी आठ सैनिक पहिल्या काही आठवड्यांत मरत. कशाने मरत? इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं मर्म इथेच आहे. ते मज्जारज्जू तुटल्याने मरत नव्हते. मानेत फार वरती इजा झाली तर श्वास थांबतो हे खरं, पण कमरेच्या किंवा छातीच्या पातळीवर रज्जू चिरडलेला माणूस त्या इजेमुळे लगेच मरायचं कारण नाही. तो मरायचा दोन गोष्टींनी.

एक, पाठीवर पडून होणाऱ्या जखमा, ज्यांना आपण बेडसोअर म्हणतो. तुम्ही-मी खुर्चीवर बसलो की दहा मिनिटांत नकळत कूस बदलतो. का? दाबलेल्या जागेला रक्त मिळेनासं होतं, ती जागा कुरकुर करते आणि आपण हलतो. ज्याला कमरेखाली काही कळतच नाही त्याला ही कुरकुर ऐकू येत नाही. माकडहाड, खुबा, टाच, जिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस कमी, तिथली कातडी काही तासांत मरायला लागते. मग खड्डा पडतो, हाडापर्यंत जातो, पू होतो, आणि तो पू रक्तात उतरतो. दुसरी गोष्ट लघवी. मूत्राशय भरलं तरी रिकामं होत नाही. नळी घालावी लागते, नळीबरोबर जंतू आत जातात, मूत्रपिंडं सडतात. दोन्ही मृत्यू सावकाश, घाण वासाचे आणि सगळ्यांना दिसणारे असत. वॉर्डातल्या लोकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की कणा मोडला की माणूस असा सडून मरतो, हा त्या दुखापतीचा स्वभावच आहे. आणि एकदा स्वभाव म्हटलं की कोण धडपड करतो? त्याला कोपऱ्यात ठेवायचं, मॉर्फिन द्यायचं. कोपऱ्यात ठेवल्यामुळे तो लवकर मरायचा, आणि लवकर मेल्यामुळे पहिला निष्कर्ष पक्का व्हायचा. तर्कशास्त्राच्या वर्गात चक्रक दोष शिकवताना मी पुढे हेच उदाहरण द्यायला लागलो होतो. तिथे दोष फळ्यावर असतो, इथे तो माणसाच्या पाठीवर होता.

१९१७ साली जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात, कोनिग्सह्यूट या खाणींच्या गावी, अपघात रुग्णालयात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा स्वयंसेवक म्हणून काम करत होता. एक धट्टाकट्टा खाणकामगार कणा मोडून आला. मुलगा त्याची माहिती लिहून घ्यायला लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की फार लिहीत बसू नकोस, काही आठवड्यांत हा मरणार आहे. पाच आठवड्यांत तो मेला. तो मुलगा म्हणजे लुडविग गुटमान, जन्म १८९९, ज्यू कुटुंबातला. पुढे ते ब्रेस्लाऊला ओटफ्रिड फर्स्टर यांच्या हाताखाली तयार झाले. फर्स्टर म्हणजे लेनिनच्या शेवटच्या आजारात ज्यांना बोलावलं गेलं होतं ते, त्या काळातले अव्वल न्यूरॉलॉजिस्ट. १९३३ साली हिटलर आला आणि गुटमान यांची नोकरी गेली. ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले, तिथे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनागृहं जाळली जात असताना त्यांनी सांगितलं की दारात येईल त्याला भरती करून घ्या, काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी नाझी अधिकारी तपासायला आले तेव्हा गुटमान त्यांच्याबरोबर खाटेखाटेपाशी फिरले आणि धडधाकट माणसांना एकेक रोग चिकटवत गेले. साठेक माणसं अटकेतून वाचली. हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. रोगनिदान म्हणजे नुसतं वर्णन नसतं, त्या वाक्याने माणूस जगतो किंवा मरतो, हे या गृहस्थाने दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं.

१९३९ च्या मार्चमध्ये ते बायको आणि दोन मुलांसह इंग्लंडला पोचले. ऑक्सफर्डला संशोधनाची जागा मिळाली. युद्ध चालू होतं, युरोपात नवी आघाडी उघडायची तयारी चालली होती, आणि सरकारला ठाऊक होतं की कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार. त्यांना एकत्र ठेवण्यासाठी लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात एक विभाग काढायचं ठरलं. तो गुटमान यांच्याकडे आला, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं. एवढा विद्वान माणूस असल्या निराशाजनक कामात का गाडून घेतो आहे, असं त्यांचे सहकारी म्हणत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला, पंचवीसेक खाटांचा.

त्यांनी काय केलं? कुठलीही नवी शस्त्रक्रिया शोधली नाही. रज्जू जोडला नाही. तो आजही जोडता येत नाही. त्यांनी सैनिकांच्या अंगावरची प्लास्टरं काढली, कारण प्लास्टरच्या आत जखमा चिघळत होत्या. आणि नियम घातला: दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्री. तीन-चार माणसांनी मिळून, ओंडका वळवावा तसं अंग एका रेषेत ठेवून, उशा नीट लावून. रात्री दोन वाजता वळवलं का, चार वाजता वळवलं का, हे बघायला गुटमान स्वतः न सांगता वॉर्डात येत. लघवीची नळी कायमची ठेवायची नाही, ठरावीक वेळाने घालायची आणि काढायची, आणि ती डॉक्टरनेच घालायची, हाताचा स्पर्श न होऊ देता, कडक निर्जंतुक पद्धतीने. डॉक्टर मंडळींना हे काम कमीपणाचं वाटे. आपल्या समाजात कुठलं काम कोणाचं हे ठरवण्याची जी हजारो वर्षांची सवय आहे ती आठवली की मला त्या नियमाचं महत्त्व जास्त कळतं.

एकट्या गुटमान यांना देव्हाऱ्यात बसवू नये. बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो १९३० च्या दशकातच हे रुग्ण वेगळे ठेवून, त्यांना वळवून, मूत्राशयाची निगा राखून जगवत होते. शिवाय १९४४ पर्यंत पेनिसिलिन हाती आलं होतं. पण पेनिसिलिन हाडापर्यंतचा खड्डा भरून काढत नाही. वळवायला कोणी नसेल तर उद्या दुसरा खड्डा पडतो. गुटमान यांचं खरं काम माझ्या मते संघटनेचं आहे. जे दहा जणांनी सुटं सुटं सांगितलं होतं ते त्यांनी रात्रीच्या दोन वाजतासुद्धा घडेल अशी व्यवस्था उभी केली. पूर्वी ज्यांचं आयुष्य आठवड्यांत मोजत ते आता वर्षानुवर्षं जगायला लागले. असाध्य होतं ते याप्य झालं. सुश्रुताचा टेकू म्हणजे दर दोन तासांनी येणारी ती तीन-चार माणसं.

आता एक नवीनच अडचण आली. माणूस जगला. पुढे काय? पंचविशीतला सैनिक पन्नास वर्षं छताकडे बघत पडून राहणार? गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग सुरू केलं, आणि मग खेळ. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांची, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, धनुर्विद्येची स्पर्धा झाली. धनुर्विद्या का? खांदे, दंड आणि पाठ यांचे स्नायू बळकट होतात, आणि बसून तोल सांभाळायला शिकावं लागतं. आधी तो निव्वळ व्यायाम होता. प्रतिस्पर्धी संघ होता स्टार अँड गार्टर या निवासातला, जो पहिल्या महायुद्धातल्या बऱ्या न होणाऱ्या सैनिकांना ठेवण्यासाठी १९१६ साली काढलेला होता. १९५२ साली डच खेळाडू आले, १९६० साली रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. त्यालाच आपण आज पॅरालिम्पिक म्हणतो.

मला या माणसाबद्दल आदर आहे, पण एक टोचणी सांगतो. गुटमान हुकूमशहा वृत्तीचे होते. रुग्ण त्यांना ‘पॉपा’ म्हणत. त्यात प्रेम होतं आणि धाकही. खेळायचं म्हणजे खेळायचं, पर्याय नाही. या माणसांना करदाते बनवायचं, अशी त्यांची भाषा असे. त्या काळी सरकारला पटवायला ती भाषा उपयोगी होती. पण जो करदाता होऊ शकत नाही त्याचं काय? मानेपासून खाली काहीच हलत नाही त्याची किंमत कमी का? पुढच्या पिढीतल्या अपंग कार्यकर्त्यांनी हा प्रश्न फार तिखटपणे विचारला. आम्हाला दुरुस्त करण्याआधी तुमच्या पायऱ्या, तुमचे दरवाजे आणि तुमची नजर दुरुस्त करा, असं त्यांचं म्हणणं. कांटचा विद्यार्थी म्हणून मी या बाबतीत त्यांच्या बाजूचा आहे. मात्र हा प्रश्न विचारायला ती पिढी जिवंत राहिली ती कूस बदलणाऱ्या वॉर्डामुळे, हेही खरं.

आपल्याकडे काय होतं? युद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना व्यवसाय शिकवण्यासाठी क्वीन मेरीज ही संस्था १९१७ साली मुंबईत निघाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला आली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे स्टोक मँडव्हिलच्याच वर्षीचं. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ साली आली. तमिळनाडूत वेल्लोरला मेरी व्हर्गीज या तरुण डॉक्टर १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली निकामी झाल्या. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या, परत येऊन वेल्लोरचा पुनर्वसन विभाग चालवला आणि १९६६ साली तिथे रुग्णांना राहून उपचार घेता येतील अशी संस्था उभी राहिली. तिथेच पॉल ब्रँड कुष्ठरोगात बोटं का झडतात हे शोधत होते, आणि त्यांचं उत्तर बेडसोअरच्या उत्तराचं सख्खं भावंड आहे: वेदना कळत नाही म्हणून माणूस स्वतःला इजा करत राहतो. कणा मोडलेले आणि कुष्ठरोगी एकाच छताखाली आले हा योगायोग नव्हता.

आणि मुरलीकांत पेटकर. सिनेमामुळे आता नाव सगळ्यांना माहीत झालं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करात कारागीर आणि मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार झाले, आणि पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणूनच. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ज्या जर्मनीतून गुटमान यांना जीव घेऊन निघावं लागलं होतं त्याच जर्मनीत, त्यांच्याच कल्पनेतून निघालेल्या स्पर्धेत, आपल्या वाळवा तालुक्यातला माणूस जिंकत होता. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ साली, सुरू झालं. १९७१ च्या युद्धातले जायबंदी जवान होतेच. तिथे आजही जवान राहतात, खेळतात, काम करतात. पुण्यातल्या किती जणांनी ते पाहिलं आहे, असं मी विचारणार नाही.

पण जवानाच्या मागे लष्कर उभं असतं. आपल्याकडे कणा मोडतो तो बहुतेक वेळा रस्त्यावर किंवा उंचावरून पडून. आंबे उतरवताना, नारळाच्या झाडावरून, विहिरीत, बांधकामाच्या परांचीवरून. पहिला घोटाळा तिथेच होतो. चार जण धावतात, हातपाय धरून उचलतात आणि जीपमध्ये टाकतात. अर्धवट दुखावलेला रज्जू त्या उचलण्यात पुरता जातो. ओंडक्यासारखं एका रेषेत वळवा आणि फळीवर ठेवा, ही गोष्ट शाळेत शिकवण्यासारखी आहे.

मग तो माणूस काही आठवड्यांनी घरी येतो. घरी दर दोन तासांनी कूस कोण बदलतं? बायको. आई. कधी शाळा सोडलेली मुलगी. स्टोक मँडव्हिलला ज्या कामाला पाळीपाळीने तीन-चार माणसं लागत, ते इथे एक बाई करते, स्वयंपाक आणि शेतातली मजुरी सांभाळून. तिचं नाव कुठल्याच इतिहासात येत नाही. याप्य म्हणजे टेकूवर उभं असलेलं घर, असं मी मघाशी म्हणालो. त्या टेकूच्या तब्येतीचा विचार सुश्रुताने केला नाही आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेनेही फारसा केलेला नाही.

त्यातल्या त्यात मोठी सुटका झाली ती १९७२ साली, आणि तिची फारशी वाच्यता होत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॅक लॅपिडीझ या मूत्रविकारतज्ज्ञाने दाखवून दिलं की नळी घालताना ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक असण्याची गरज नाही. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, नळी स्वच्छ ठेवायची आणि मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं करायचं, ते तुंबू द्यायचं नाही, एवढं पुरतं. आणि हे रुग्ण स्वतःच करू शकतो. गुटमान यांचा नियम होता की डॉक्टरशिवाय कोणी हात लावायचा नाही. लॅपिडीझनी ती नळी रुग्णाच्या हातात दिली. ज्याचे हात चालतात असा माणूस मग घराबाहेर पडू शकतो, नोकरीवर जाऊ शकतो, एसटीने प्रवास करू शकतो, अर्थात एसटीत चढता आलं तर. आपल्या जिल्हा रुग्णालयांतून आजही कितीतरी माणसं कायमची नळी आणि पिशवी लावूनच घरी पाठवली जातात, कारण त्यांना हे शिकवायला अर्धा तास बसेल असं तिथे कोणी नसतं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न घेऊ या. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आधी विचारावं, बाकीच्यांनी नंतर.